घरटी एक माणूस

रोह्यातल्या नेमणुकीची ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. दिसते म्हणजे ठाणे अंमलदाराच्या टेबलावर चहाच्या कपाने उमटवलेल्या गोल डागासकट दिसते. स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही आणि हे बरं आठवतं, असं माझी बायको म्हणते. तिचं खरं आहे. पण चष्म्याने मला एका सकाळी दोन तक्रारदार आणि एक छत्री कधी दिली नव्हती.

आधी एक सांगतो. पोलीस ठाण्याची पायरी चढताना माणसाचा आवाज चढतो आणि त्याच्याबरोबर शब्दही चढतात. ढकललं असेल तर ती 'जबर मारहाण' होते. 'बघून घेईन' म्हटलं की 'जिवे मारण्याची धमकी'. एका गृहस्थाने शेजाऱ्याचा बोकड अंगणात शिरला म्हणून 'सशस्त्र घुसखोरी'ची तक्रार आणली होती. शस्त्र कुठलं, असं विचारलं, तर म्हणाला, "शिंगं."

त्यामुळे मला एक सवय लागली. तक्रारदाराने मोठा शब्द वापरला की मी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, "म्हणजे काय?" माझ्या माघारी ठाण्यातले लोक मला 'म्हणजेकाय साहेब' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

श्रावण सरत आला होता. मोबाईल अजून आलेले नव्हते. सकाळची हजेरी संपते न संपते तोच चाळिशीचा एक माणूस आत आला. अंगावर धाटावच्या एका कंपनीचा गणवेश, पायांत जड बूट, डोळ्यांत रात्रपाळीचं जागरण.

"साहेब, माझ्या बापाला पळवून नेलं."

"कोणी?"

"माझ्या सख्ख्या बहिणीने."

मी पेन खाली ठेवलं. हवालदारांनी तंबाखूची डबी उघडली. ते खांब गावचे, मुरलेले गृहस्थ. माझा प्रश्न येणार हे कळलं की ते आरामात बसत.

"पळवून म्हणजे काय? ओढत नेलं?"

"नाय."

"कोणी येऊन नेताना पाहिलं?"

"पाहिलं नाय. पण काल शेजाऱ्यांच्या फोनवर तिचा फोन आला होता. बायको सांगते, बाबा बोलले आणि मग जेवलेच नाहीत. पहाटे बायको नळावर गेली, तेवढ्यात गायब. मी शिफ्ट संपवून आलो तर खाट रिकामी."

"मग पळवून कशावरून?"

"गावचं घर बाबांच्या नावावर आहे. अंगठा घेईल ती."

"असं ती म्हणाली?"

"म्हणायला कशाला पाहिजे? माझी बहीण आहे, ओळखतो मी तिला."

हकीकत एवढीच होती. यांचं मूळ गाव पेणच्या खाडीकाठी. बापाने उभा जन्म मिठागरावर आणि खारजमिनीतल्या भातात काढलेला. आई वारल्यावर मुलाने घराला कुलूप लावलं आणि बापाला आपल्याकडे, कंपनीच्या वसाहतीत आणलं. बहीण त्याच गावात दिलेली. भावाबहिणीत फारसं बोलणं राहिलेलं नव्हतं.

सज्ञान माणसाचं अपहरण व्हायचं तर जबरदस्ती हवी, नाहीतर फसवणूक हवी. इथे दोन्हींचा पत्ता नव्हता, होता तो संशय. पण मी 'अपहरण' लिहिलं असतं तर दुपारपर्यंत पेणचे पोलीस त्या बाईच्या दारात उभे राहिले असते, सगळं गाव गोळा झालं असतं, आणि त्यानंतर त्या भावाला बहिणीच्या दारात पाणीसुद्धा मिळालं नसतं. म्हणून मी सांगितलं, "आधी मिसिंग दाखल करू. बाकीचे शब्द नंतर."

"मिसिंग काय साहेब! मी सांगतोय ना, पळवून..."

एवढ्यात दारातून दुसरा आवाज आला. "साहेब, चोरी झाली!"

तो त्याच वसाहतीचा माळी निघाला. भिजलेला आणि भडकलेला.

"काय चोरीला गेलं?"

"फावडं. टाकीखाली ठेवलेलं असतं. सकाळी बघतो तर नाय."

"त्या जागेवर काही सापडलं?"

माळी जरा घुटमळला. मग पाठीमागे धरलेला हात पुढे आणला. "ही छत्री होती."

काळी, जुनी छत्री. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. कंपनीवाला खुर्चीतून उठला. "ही बाबांची छत्री आहे!"

हवालदार तोंडातला तंबाखू सांभाळत खिडकीकडे वळले. हसायचं असलं की ते नेहमी खिडकीकडे वळत.

मी माळ्याला विचारलं, "आता सांग, चोर जाताना आपली छत्री ठेवून जातो का?"

"मग याला काय म्हणायचं साहेब?"

"उसनं नेलं म्हणायचं. वर तारण ठेवून गेलाय. भरपावसात डोकं उघडं टाकून गेला, पण तुझं फावडं फुकट नेलं नाही."

आणि कंपनीवाल्याला म्हणालो, "पळवून नेलेला माणूस वाटेत थांबून फावडं उसनं घेत नाही. तुझा बाप स्वतःच्या पायांनी गेलाय. फक्त फावडं कशाला, ते मला कळलेलं नाही."

हवालदारांना एसटी स्टँडवर पाठवलं. तिथल्या चहावाल्याकडून ते चहाबरोबर खबर घेऊन आले. पहाटेच्या पेण गाडीत एक म्हातारा चढला होता. कंडक्टर म्हणाला, फावड्याचं सामानाचं तिकीट पडेल. त्यावर म्हातारा म्हणाला, "हा सामान नाय, हा माझा हात हाय." सगळी गाडी हसली आणि कंडक्टरने फावड्याला फुकट बसू दिलं.

मी कंपनीवाल्याला पुन्हा समोर बसवलं. आता तो तक्रारदार राहिला नव्हता.

"गावाशी तुझं काय बिनसलंय?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे काय?"

दुसरा चहा मागवला तेव्हा तो बोलला. "शिमग्याला गेलो होतो. चावडीसमोर चारचौघांत पंचांनी विचारलं, पावसात उधाणाला घरटी एक माणूस लागतो, तुमच्या घरचा कोण धरू? वर्षभर शहरात मजा करता, असंही कोणीतरी बोललं. मला राग आला. मी म्हटलं, आम्ही गाव सोडलं. आमचं नाव काढा."

"सोडलं म्हणजे काय?"

"म्हणजे... शिफ्ट असते साहेब. ऐन पावसाळ्यात रजा मिळत नाही. नाव लावलं आणि आलो नाय तर पुन्हा बोलणी खायची."

"मग 'रजा मिळत नाही' असं का नाही म्हणालास?"

"ते कमीपणाचं वाटलं."

हे वाक्य मी कागदावर घेतलं नाही, पण मनात टिपून ठेवलं. माणूस छोटं, खरं कारण सांगायला लाजतो आणि मोठं, खोटं कारण ठणकावून सांगतो.

मी देशावरचा. खाडीचा कायदा मला कोण सांगणार? हवालदारांची सासुरवाडी तिकडची, त्यांनी सांगितला. त्या गावांची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते. मध्ये असतो तो मातीचा बांध. प्रत्येक घराकडे बांधाचा एक तुकडा. मोठ्या उधाणाला प्रत्येक घरचं एक माणूस फावडं घेऊन आपल्या तुकड्यावर उभं राहतं, कारण कुठेही भोक पडलं तरी खारं पाणी सगळ्यांच्याच भातात शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं पिकत नाही. ज्या तुकड्यावर माणूस नसेल तो पंच दुसऱ्या घराला देतात. एकदा दिला की दिला. त्या घराच्या दारात मग पालखी थांबत नाही. ते घर गावात असतं, पण गावचं नसतं.

"आज काय तिथी आहे?" मी विचारलं.

"अवस, साहेब," हवालदार म्हणाले. "दुपारी बारा-साडेबाराला पाणी चढेल."

कंपनीवाल्याच्या हातातला कप तसाच राहिला. तो म्हणाला, "बाबा रोज सकाळी वसाहतीच्या फाटकाशी उभे राहून वास घेतात. मी विचारलं तर म्हणाले, खारा वारा येतो का बघतो. आमच्याकडे वारा सगळा केमिकलचा. मी हसलो होतो."

पेण ठाण्याला निरोप दिला आणि जीप काढली. माळ्याने आणलेली छत्री बरोबर घेतली. हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मुद्देमाल आहे."

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांतून रंगाचा वास रस्त्यापर्यंत आला होता. तिथून खाडीकडे वळलो. रस्ता संपला तिथे बहिणीचं घर. ओटीवर ती उभीच होती, पदर खोचलेला. भावाला पोलिसांच्या जीपमधून उतरताना पाहून ती आधी घाबरली. मग हवालदारांनी तक्रारीचा विषय सांगितला, आणि तिची भीती कुठल्या कुठे गेली.

"पलवला? मी माझ्या बापाला पलवला? तो काय कोंबडा हाय, पाटीखाली झाकून आनायला?"

"काल फोन कशाला केलास?" भावाने विचारलं.

"कशाला म्हंजे? काल पंच सांगून गेले, तुमचा तुकडा उद्याच्या उधानाला दुसऱ्याला देनार. बापाला कलायला नको? तुना सांगितला असता तर तू फोनच ठेवला असतास."

"अंगठ्यासाठी नाही बोलावलंस?"

ती हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, त्या घराची माती मी सारवते रं दर सनाला. कुलपाच्या भाइरनं, ओटा तेवढा. अंगठा घेवून काय करू?"

मी विचारलं, "बाबा कुठे आहेत?"

"कुठं असनार? बांधावर."

"तुझ्या घरचा माणूस त्यांच्या जागी उभा नाही राहू शकत?"

"माझा नवरा आमच्या तुकड्यावर हाय. मी सासरची, साहेब. म्हायेरच्या तुकड्यावर मना कोन धरतो?"

आम्ही बांधावर चढलो. एका बाजूला हिरवंगार भात, दुसऱ्या बाजूला फुगत चाललेली खाडी आणि मध्ये दोन पावलं रुंदीची चिखलाची वाट. त्या वाटेवर दूरपर्यंत माणसं उभी. कोणी पोत्याची खोळ घेतलेली, कोणी प्लास्टिकचा कागद. एकमेकांना हाका, शिव्या, विड्यांची देवाणघेवाण. जत्राच म्हणा ना, पण सगळ्यांचे डोळे पाण्यावर.

एका वळणावर आमचा मिसिंग इसम उभा होता. वाळलेला, गुडघ्याएवढ्या धोतराचा, डोक्यावर पोतं. गणवेश पाहताच त्याने फावडं पाठीमागे घेतलं.

"फावडा परत देनार हाय, साहेब. छत्री ठेवून आलोय."

"माहीत आहे. तुम्हाला इथे कोणी आणलं?"

"एसटीनं."

मुलगा पुढे झाला. "बाबा, न सांगता यायचं?"

"सांगला असता तर येवू दिला असतास?"

म्हातारा पुन्हा पाण्याकडे वळला. त्याला आमच्यापेक्षा पाणी महत्त्वाचं होतं. फावडं मारायचा प्रयत्न करी, पण हात थरथरत. मातीचा गोळा बांधावर बसायच्या आधीच निम्मा गळून पडे. शेजारचा जवान पोरगा ओरडला, "आबा, तुमी नुस्ती नजर ठेवा, मारू नका!" त्यावर आबांनी त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला.

पंच आले. ठेंगणे, शांत, हातात काठी. मला नमस्कार करून म्हणाले, "साहेब, तुमचा काम झाला असला तर म्हाताऱ्याला घेवून जावा. पानी अजून चढनार हाय. हा तुकडा मी शेजारच्याला देतो."

"ते उभे आहेत ना तुकड्यावर?"

"उबे हायेत. पन त्या घराचा नाव नाय. पोरानं गाव सोडला बोलला. आमी बोलल्या शब्दावर चालतो. मनातला वलखायला आमी भगत नाय."

तेवढ्यात म्हातारा ओरडला. त्याच्या पायाशी, भाताच्या बाजूने, बोटाएवढी पाण्याची धार सुटली होती. खेकड्याच्या बिळातून खाडी आत येत होती. दोन्ही बाजूंचे लोक वळले, पण कोणी पुढे झालं नाही. सगळे पंचांच्या काठीकडे बघत होते. पंचांनी शेजारच्या जवानाकडे पाहून काठी उचलायला सुरुवात केली.

"काका, थांबा हो!" बहीण मागून ओरडली.

"गो बाय, तू मधी नको येव."

कंपनीवाला बूट काढायला वाकला. पंचांनी काठी त्याच्यापुढे आडवी धरली.

"तू कुठं? गाव सोडलेला मानूस बांधाला हात लावत नाय."

"काका, चुकलो मी. माफ करा."

"माफी द्यावाला मी द्येव नाय. मना एकच सांग. गाव सोडलास का नाय?"

माझ्या नोकरीत मी शेकडो जबाब घेतले, पण त्या प्रश्नाइतका सरळ प्रश्न मला कधी विचारता आला नाही. धार आता मनगटाएवढी झाली होती. म्हातारा त्यात आपला पाय घालून उभा राहिला होता आणि मुलाकडे बघत नव्हता. बघायची हिंमत होत नव्हती, असं मला वाटलं.

"नाय सोडला," मुलगा म्हणाला. गावात पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदाच तो गावच्या बोलीत बोलत होता. "रोह्याला ऱ्हातो. कामाला. उधानाला रजा भेटत नाय, येवढाच. लाज वाटली म्हनून सोडला बोललो."

"ऱ्हायला कुठं?"

"रोह्याला."

"आनि गाव कुठला?"

"हाच."

पंचांनी काठी खाली घेतली. "हे शिमग्यालाच बोलला असतास तर? रजा नाय भेटत तर आदी निरोप धाड, मी मानूस बघतो. तू दुसऱ्या कुनाच्या तरी कामाला ये, सुकतीच्या दिवसांत, पानी उतरल्यावर. त्याला काय व्हता? पन सोडला बोललास, तर सोडल्याला औषध काय? उतर खाली. बापाचा पाय काढ तिथून."

मुलगा उतरला. काठी खाली येताच दोन्ही बाजूंचे जवान धावले. चिखलाचे गोळे हातोहात आले, कंपनीचा गणवेश कमरेपर्यंत काळा झाला. म्हातारा बांधावर उभा राहून हुकूम सोडत होता आणि त्याचा एकही हुकूम दुसऱ्याशी जुळत नव्हता. कोणी ऐकतही नव्हतं. मी मुद्देमाल उघडून त्याच्या डोक्यावर धरला. तुकडा राहिला. भातही राहिलं.

ओहोटी लागल्यावर बहिणीच्या ओटीवर मी जबाब लिहायला बसलो. मिसिंग बंद करायची तर कागद लागतोच. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "हरवलेला इसम मिळून आला."

म्हाताऱ्याने अंगठा मागे घेतला. "मी हरवलो कवा?"

बरोबर होतं. खोडलं. "मुलास न सांगता गावी निघून गेला."

त्याने मान वळवली. समोरच्या घरांच्या ओळीत त्याचं कुलूपबंद घर दिसत होतं. ओटा मात्र नुकताच सारवलेला.

"गावी नको, साहेब," तो म्हणाला. "गावी पाव्हना पन जातो. घरी लिवा."

मी लिहिलं, "मुलास न सांगता आपल्या घरी गेला." त्याने अंगठा उठवला. मुलगा पायरीवर बसून पाय धूत होता. त्याने सगळं ऐकलं. तांब्या खाली ठेवून तो बापाजवळ आला आणि म्हणाला, "बाबा, चावी?"

म्हाताऱ्याने कमरेच्या करगोट्यातून चावी सोडली. चावी बापाकडे आहे एवढंच मुलाला ठाऊक होतं; ती त्याने रोह्यात वर्षभर अंगावर वागवली होती हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिघं मिळून त्या घराकडे गेली. कुलूप गंजलं होतं. बहिणीने घरातून तेलाची वाटी आणली, भावाने चावी फिरवली. दार उघडल्यावर कोण आधी आत जाणार यावर थोडा वेळ कोणीच हललं नाही. मी हवालदारांना म्हणालो, चला, आपलं काम झालं.

म्हातारा पुढेही रोह्यालाच राहिला. मुलगा निरोप धाडू लागला, जमेल त्या उधाणाला स्वतः जाऊ लागला. माळ्याला फावडं परत मिळालं.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं? भांडणं वाईट हेतूंनी होतात असं मी तोवर धरून चाललो होतो. नंतर पाहिलं, तर पुष्कळ भांडणांत हेतू बरा असतो, फक्त रागात हाताला लागेल तो शब्द उचललेला असतो. 'रजा नाही' म्हटलं तर त्यावर तोडगा निघतो. 'सोडलं' म्हटलं की समोरच्याला करण्यासारखं काही उरत नाही. पुढे नवराबायकोची, भाऊबंदांची, शेजाऱ्यांची प्रकरणं समोर आली की मी कलम शोधण्याआधी त्यांना दुसरा शब्द शोधायला लावायचो. निम्मे लोक तिथेच गप्प होऊन घरी जायचे.

आता निवृत्त होऊन मी एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहतो. देशावरचं माझं गाव सुटून इतकी वर्षं झाली की तिकडची वाट नव्या रस्त्यांत मला ओळखू येणार नाही. बदल्यांमागून बदल्या झाल्या, तिथलं घर पडलं, जायचं राहत गेलं. मी गाव सोडलं, की नुसता बाहेर राहत आलो? काठी आडवी धरून हे विचारणारं कोणी मला भेटलं नाही. क्वचित दुपारी वाटतं, कोणीतरी विचारावं. उत्तर मी केव्हाच ठरवून ठेवलंय.